विंडोज १० गेलं म्हणून धडधाकट पीसी भंगारात घालायचा का?

धूळफुंक्या

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून ओळखीपाळखीत एकच प्रश्न ऐकतोय: "आता नवीन मशीन घ्यावंच लागेल ना?" माझं म्हणणं, नाही. निदान आत्ता तरी अजिबात नाही.

ज्यांना ही भानगड ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. विंडोज १० आलं जुलै २०१५ मध्ये. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टचे जेरी निक्सन एका परिषदेत सांगून बसले होते की विंडोजची ही शेवटची आवृत्ती. सहा वर्षांनी ११ हजर! ते रीतसर टाकायचं तर टीपीएम २.० (किल्ल्या-पासवर्ड जपणारी सुरक्षेची सोय) हवं, सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना फक्त सहीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) हवं आणि प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीपासून किंवा एएमडीच्या रायझन २००० पासून पुढचा हवा. म्हणजे जानेवारी २०१७ मध्ये बाजारात आलेला आय५-७५०० नापास आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात आलेला आय५-८४०० पास. सातव्या पिढीतला आय७-७८२०एचक्यू मात्र यादीत आहे. का? तर तो मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या सरफेस स्टुडिओ २ मध्ये होता. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

सहाव्या-सातव्या पिढीचा आय५, ८ किंवा १६ जीबी रॅम आणि साटा एसएसडी असलेलं मशीन घरकामाला आजही कुठे कमी पडतं? टॅली, एक्सेल, पोरांचे क्लास, यूट्यूब सगळं चालतं. वर नवीन घ्यायला ही वेळ इतकी वाईट आहे की विचारू नका. एआयवाल्यांच्या डेटा सेंटरांनी मेमरीचा माल उचललाय, रॅमचे भाव भडकलेत, आणि डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने तर क्रूशल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं.

तेव्हा: अपडेटच्या पानावर जाऊन ईएसयू, म्हणजे वाढीव सुरक्षा अपडेट, चालू करा. मायक्रोसॉफ्ट खात्यात सेटिंगचा बॅकअप ठेवलात तर फुकट, नाहीतर ३० डॉलर. ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत पुरतं. त्यानंतर लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी टाकायची फुकट प्रणाली. भंगारवाल्याला फोन करायची गरज नाही.

पोर्ट४४५

साफ असहमत. मी पोटापाण्यासाठी हापिसांची नेटवर्कं सांभाळतो, त्यामुळे "चालतंय की" हे वाक्य कानावर आलं की पोटात गोळा येतो.

यादी मनमानी वाटते, पण तिच्यामागे कारण आहे. विंडोज ११ मध्ये मेमरी इंटिग्रिटी नावाची सोय नव्या मशीनवर आधीपासून चालू असते. खोटी सही असलेला किंवा पोखरलेला ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारं सॉफ्टवेअर) थेट कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, घुसू नये म्हणून कर्नलचा कोड वेगळ्या कप्प्यात तपासला जातो. जुन्या प्रोसेसरवर हे काम सॉफ्टवेअरला ओढूनताणून करावं लागतं आणि मशीन रखडतं. शिवाय मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्येच आकडा दिला होता: चाचणीत अटी न पाळणाऱ्या मशीनवर कर्नल कोसळण्याचं प्रमाण ५२ टक्क्यांनी जास्त.

आणि आपल्याकडे कोण येतंय हल्ला करायला, असं म्हणणाऱ्यांनी जून २०१७ आठवा. नॉटपेट्या नावाचा व्हायरस सुटला युक्रेनमध्ये, एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. त्याने मर्स्क ही जहाज कंपनी आडवी केली आणि इकडे न्हावा-शेव्याला जेएनपीटी बंदराच्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. कंटेनरचे ट्रक रस्त्यावर उभे. त्यांनी काय युक्रेनला शिव्या दिल्या होत्या?

धूळफुंक्या

मेमरी इंटिग्रिटीचं कारण मी वाचलंय, म्हणूनच तर पटत नाही. त्या कामासाठी प्रोसेसरमध्ये जी सोय लागते ती इंटेलच्या *सातव्या* पिढीपासून आहे. मग सातवी पिढी बाहेर का? आणि एएमडीत ती झेन २ या नंतरच्या रचनेपासून आली, म्हणजे रायझन २००० मध्ये ती नाहीच. तरी रायझन २००० यादीत आत! सहाव्या-सातव्या पिढीच्या बहुतेक बोर्डांवर इंटेलचं पीटीटी आहे, म्हणजे टीपीएम २.० सुद्धा आहे. सगळी कागदपत्रं आहेत, फक्त यादीत नाव नाही.

नॉटपेट्याचं म्हणाल तर ज्या भोकातून तो आणि त्याच्या आधीचा वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस पसरला, त्याची डागडुजी मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिली होती. वॉनाक्राय आला मे महिन्यात. बाधित झालेली बहुतेक मशिनं विंडोज ७ ची, म्हणजे तेव्हा सपोर्ट चालू असलेली. लोकांनी अपडेट टाकलंच नव्हतं. दोष मशीनच्या वयाचा की आळसाचा?

पोर्ट४४५

झेन २ चा मुद्दा मान्य, यादी धुतल्या तांदळासारखी नाही. पण तुमचंच उदाहरण तुमच्यावर उलटतंय की! डागडुजी उपलब्ध असूनही लोक टाकत नाहीत, तर ऑक्टोबर २०२६ नंतर ती *उपलब्धच नसेल* तेव्हा काय? आणि दर महिन्याला नव्या विंडोजसाठी जी डागडुजी येते, ती उघडून जुन्यात तेच भोक कुठे आहे हे शोधणारे लोक बसलेले असतात. सपोर्ट संपलेलं विंडोज असं रोज थोडं थोडं उघडं पडत जातं.

गेमरगण्या

तुम्ही दोघं कर्नलवरून भांडा, मी पॉपकॉर्न घेऊन बसलोय. पण लिनक्सचं नाव घेतलं म्हणून मध्ये तोंड घालतो. स्टीम या दुकानातले बरेच विंडोजचे गेम लिनक्सवर प्रोटॉन नावाच्या सोयीने मस्त पळतात, मी स्वतः खेळतो. व्हॅलोरंट विसरा. त्याचं व्हॅनगार्ड, म्हणजे खेळातली लबाडी पकडणारं सॉफ्टवेअर, लिनक्सवर चालतच नाही. आणि रूफस नावाच्या टूलने टीपीएमची अट काढून ११ टाकणाऱ्या शहाण्यांनो, ११ वर व्हॅनगार्डला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट दोन्ही लागतं. अख्खी रात्र जागून विंडोज टाकाल आणि गेम दारातूनच हाकलेल.

बुधवारपेठी

दुकानदाराची बाजू कुणी मांडत नाहीये म्हणून लिहितो. तापकीर गल्लीच्या आसपास बसतो, रोज डझनभर मशिनं उघडतो. जुनं मशीन दुरुस्त करून मला जे मिळतं ते नवं विकून मिळत नाही, तेव्हा "हे लोक नवीन गळ्यात मारायला बसलेत" असं कृपया म्हणू नका.

पण धूळफुंक्याभाऊ, तुमचा सल्ला तुमच्यासारख्यांना ठीक. माझ्याकडे येणाऱ्या काकांना मायक्रोसॉफ्ट खातं म्हणजे काय इथपासून सुरुवात. पासवर्ड मुलाला माहीत, मुलगा ह्यूस्टनला. ईएसयू कोण चालू करणार? मग ते गल्लीतल्या पोराकडे जातात, तो पेन ड्राइव्ह लावतो, तपासणी गाळून ११ टाकून देतो, वर कुठलंतरी क्रॅक मारून ॲक्टिव्हेट करतो आणि पाचशे रुपये घेतो. त्या क्रॅकमधून काय काय आत आलं ते देवाला माहीत! १० सपोर्टविना वापरणं परवडलं त्यापेक्षा.

नवशिक्या_नाशिक

मध्येच विचारतो, राग मानू नका. माझ्याकडे आय५-८४०० आहे, म्हणजे वरच्या हिशेबाने पास. तरी तपासणीचं ॲप म्हणतं, हा पीसी चालणार नाही. दुकानात मदरबोर्ड बदला म्हणाले.

बुधवारपेठी

मदरबोर्ड बदलणाऱ्याचं दुकान बदला आधी. विंडोजचं बटण आणि आर दाबा, tpm.msc ऐवजी मराठीत सांगतो: टी-पी-एम टिंब एम-एस-सी, इंग्रजीत टाइप करून एंटर. टीपीएम सापडत नाही असं दिसलं तर मशीन रीस्टार्ट करून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, जा आणि पीटीटी (इंटेलचं टीपीएम) शोधा. कुठे सिक्युरिटीखाली असतं, कुठे चिपसेटच्या पोटात लपवलेलं असतं. बऱ्याच बोर्डांवर ते मुळात बंदच येतं. ते चालू करा.

नवशिक्या_नाशिक

पीटीटी चालू झालं!! पण आता सिक्युअर बूट नाही म्हणतंय.

धूळफुंक्या

तुमचं विंडोज जुन्या लेगसी पद्धतीने टाकलेलं दिसतंय, डिस्कची मांडणी जुन्या एमबीआर प्रकारची असणार. ती नव्या जीपीटी प्रकारची करावी लागेल. विंडोजमध्येच त्यासाठी एमबीआर-टू-जीपीटी नावाचं हत्यार आहे, डेटा न पुसता काम करतं. आधी बॅकअप घ्या. डिस्क बदलल्यावर बायोसमध्ये सीएसएम (जुनी पद्धत) बंद, यूईएफआय (नवी पद्धत) चालू, मग सिक्युअर बूट. हा क्रम चुकवलात तर काळा पडदा बघत बसाल.

अक्षरजुळणी

तुम्हा सगळ्यांचं ऐकतेय. आता माझं ऐका. सांगलीकडे छोटं डीटीपीचं काम आहे. पत्रिका, हँडबिलं, सोसायट्यांचे अहवाल. मशीनवर विंडोज १०, पेजमेकर, जुनी कोरलड्रॉ आणि मराठी टायपिंगची श्रीलिपी. श्रीलिपीला यूएसबीचं हार्डवेअर लॉक, ते लावल्याशिवाय ती चालत नाही. पंधरा-वीस वर्षांचं काम युनिकोडच्या (सगळ्या मशीनवर सारख्या दिसणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये पडलंय. दुसऱ्या मशीनवर फाइल उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा भुसा दिसतो. मला लिनक्स मिंट कुठलं चालतंय? आणि पोर्टभाऊ, नव्या ११ वर माझं जुनं लॉक ओळखलं जाईल याची हमी तुम्ही देता का?

धूळफुंक्या

ताई, मिंटमध्ये मराठी टायपिंग उत्तम आहे, इनस्क्रिप्टपण आणि फोनेटिकपण. पण ते युनिकोडचं. तुमच्या कामाला मिंट चालणार नाही. वाइनमधून, म्हणजे लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, पेजमेकर एखादवेळेस उघडेल, हार्डवेअर लॉकचा ड्रायव्हर तिथे बसेल असं मी तरी सांगणार नाही. तुमच्यासाठी उत्तर एकच, आहे ते विंडोज १० तसंच ठेवा आणि नेटची केबल काढा.

पोर्ट४४५

हमी नाही देत. जुन्या लॉकचे ड्रायव्हर मेमरी इंटिग्रिटी चालू असलेल्या मशीनवर अडतात, हे मी पाहिलंय. म्हणजे जी सोय मी वर वाखाणली तीच तुमच्या मुळावर येऊ शकते.

पण केबल काढली की झालं, हेही अर्धवट आहे. तुमच्याकडे गिऱ्हाईक फोटो कशात आणतं?

अक्षरजुळणी

पेन ड्राइव्हमध्ये. नाहीतर व्हॉट्सॲपवर पाठवतात आणि मीच पेन ड्राइव्हने या मशीनवर आणते. शॉर्टकट व्हायरस तर पाचवीला पुजलेला. फोल्डर गायब आणि त्याच नावाचे शॉर्टकट.

पोर्ट४४५

तेच म्हणतोय. धूळफुंक्या नेटवर पहारा बसवतायत आणि व्हायरस पुढच्या दाराने चहा प्यायला येतोय.

धूळफुंक्या

मग इथेच माझं भंगार कामाला येतं की. कुणाचंतरी टाकून दिलेलं चौथ्या-पाचव्या पिढीचं मशीन घ्या, मिंट टाका, ते पुढच्या टेबलावर. गिऱ्हाइकाचा पेन ड्राइव्ह फक्त तिथेच लागणार, व्हॉट्सॲप वेब तिथेच उघडणार. शॉर्टकट व्हायरस विंडोजसाठी लिहिलेला, तिथे तो नुसती फाइल म्हणून पडून राहतो. तिथून फक्त जेपीजी आणि मजकूर *स्वतःच्या* पेन ड्राइव्हवर घ्या आणि आतल्या विंडोजवर न्या. ऑटोप्ले बंद ठेवा.

पोर्ट४४५

या एका बाबतीत तुमच्याशी भांडण नाही. फक्त तो "स्वतःचा" पेन ड्राइव्ह गिऱ्हाइकाच्या हातात एकदाही जाता कामा नये, आणि तो गिऱ्हाइकाच्या घाईत जातोच. घरच्या पीसीबद्दलचं माझं मत मात्र तेच आहे. ज्यावर बँक चालते ते मशीन ऑक्टोबर २०२६ नंतर विंडोज १० वर नको.

धूळफुंक्या

बँकेपुरतं सांगायचं तर एज ब्राउझरची अपडेट आणि डिफेंडर या अँटीव्हायरसच्या व्याख्या (व्हायरस ओळखायच्या याद्या) विंडोज १० वर ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहणार, ईएसयू असो वा नसो. ही मायक्रोसॉफ्टचीच घोषणा आहे.

पोर्ट४४५

कुलूप नवं, दार वाळवीचं. डिफेंडर ओळखीच्या चोराला पकडतो, कर्नलचं भोक बुजवत नाही. बँकेचं काम मोबाइलवर करा म्हणा काकांना, नाहीतर तुमचं ते मिंट टाकून द्या. मी मिंटच्या विरोधात नाही, मी *काहीच न करण्याच्या* विरोधात आहे.

बुधवारपेठी

काकांना मिंट टाकून दिलं तर पहिला फोन मला, "ते निळं ई कुठे गेलं?" आणि दुसरा प्रिंटरसाठी. दिलेत दोघा-तिघांना, चालवतायत. पण त्या फोनांचे पैसे कोण देणार, ते धाग्यात कुणी लिहिलं नाही.

अक्षरजुळणीताई, तुमची डिस्क किती जुनी आहे? फिरती हार्ड डिस्क असेल तर आधी एसएसडीवर जशीच्या तशी क्लोन काढा आणि जुनी डिस्क कपाटात ठेवा. विंडोज नव्याने टाकून श्रीलिपी, कोरल परत बसवायची वेळ आली तर सीड्या तरी सापडतील का?

अक्षरजुळणी

सीड्या आहेत, सीडी ड्राइव्ह नाही. क्लोन काढून घेते. पण ते लॉकच गेलं तर?

बुधवारपेठी

त्याची क्लोन नाही निघत. कंपनीला फोन करून तुमच्या आवृत्तीचं लॉक बदलून मिळतं का आणि कितीला, ते आत्ताच विचारून ठेवा, ते चालू आहे तोवर. आणि मशीनच्या पुढच्या पोर्टला लावलं असेल तर मागे लावा. येता-जाता गुडघा लागून मोडलेली लॉकं माझ्याकडे बरीच येतात.

अक्षरजुळणी

पुढेच आहे. आज मागे लावते. बाकीचं लग्नसराई उरकल्यावर.