खाडीच्या मातकट पाण्यात फ्लायचा रंग बघतो कोण?

खाडीपलीकडचा
परवा बेलापूरला तिघं जिताडा गरवायला गेलो होतो. एका मित्राच्या डबीत चाळीसेक फ्लाय, म्हणजे गळावर पिसं-केस बांधून केलेली खोटी आमिषं. बोयीच्या (जिताडा खातो तो छोटा मासा) पाठीचा करडा वेगळा, पोटाचा चंदेरी वेगळा, वर चिकटवलेले थ्रीडी डोळे. माझ्या डबीत चार. मासा कुणालाच लागला नाही, तेव्हा पुरावा वगैरे काही नाही. पण परतताना गाडीत जो वाद झाला तो इथे आणतोय.

आपल्या खाडीत हात कोपरापर्यंत बुडवला तर बोटं दिसत नाहीत. तिथे करड्याच्या तीन छटा कुणासाठी? आधी वजन ठरवा, मग आकार. माझ्या मते दोन फ्लाय पुरतात. एक क्लाउझर मिनो: बॉब क्लाउझरने १९८७ मध्ये पेनसिल्व्हेनियात नदीतल्या बास माशासाठी बांधलेला. दांडीवर डंबेलसारखे जड डोळे असल्यामुळे गळ उलटा होतो, टोक वर राहतं, म्हणून दगडावरच्या कालवांत कमी अडकतो. ओढला की वर, सोडला की डोक्यावर खाली. दुसरा डिसीव्हर, लेफ्टी क्रेचा, १९५०च्या दशकाच्या शेवटचा, चेसापीक उपसागरातला. लांब पिसं गळाच्या मागच्या टोकाला बांधलेली, त्यामुळे फेकताना गळाभोवती गुंडाळत नाहीत. खोल पाण्याला पहिला, उथळाला दुसरा. संपलं.

नेरुळचा_निवांत
संपलं कसं? तुम्ही उधाणाच्या दिवशी जाता आणि पाणी मातकट म्हणता. भांगाच्या (छोट्या भरती-ओहोटीच्या) दिवसांत ओढ कमी, गाळ खाली बसतो. थंडीत उरणच्या बाजूला मला फ्लाय हातभर खाली दिसलाय. तिथे रावस मागे लागतो, पायापाशी येतो आणि वळतो. दोनदा झालं. दोन्ही वेळा पाच इंची डिसीव्हर होता आणि कडेला बोयीची पिल्लं दोन-अडीच इंचांची. कात्रीने शेपूट छाटली, तिसऱ्या फेकीला लागला. रंग राहू द्या, पण लांबी तरी जुळवाल की नाही?

पागवाला
मी कोळीवाड्यातला, तुमची ती जाडी दोरी आपल्याला जमत नाय. पण जिताड्याचं पोट लहानपणापासून कापतोय. आत बोय असते, पण करंदी पण असते, कधी निवटी, चिखलातला बारका मासा. तुमी सगळे माशाच्याच फ्लायवर भांडताय, कोळंबीचं नाव नाय कोनी घेतलं. सुकतीला, म्हंजे ओहोटीला, खारफुटीतलं पानी बारक्या ओहोळातनं बाहेर पडतं, त्याच्या तोंडाशी जिताडा उभा असतो. त्या अर्ध्या तासात तिथे पोचलात तर काय पन टाका. नाय पोचलात तर चाळीस काय नि चार काय.

काळाजांभळा
खाडीपलीकडचा यांचं अर्धं बरोबर, अर्धं साफ चूक. गढूळ पाण्यात छटा दिसत नाही, पण काळं-पांढरं दिसतं. मासा खालून उजेडाकडे बघतो, तेव्हा काळा फ्लाय ठसठशीत उठतो आणि तुमचा पारदर्शक चंदेरी विरघळून जातो. म्हणजे रंग लागतोच, फक्त बोयीचा नाही. दुसरं, माशाच्या अंगावरची रेषा पाण्याचा हेलकावा टिपते. तुमचा क्लाउझर सडपातळ, पाणी ढकलतच नाही. मी हरणाच्या केसांचं दाट, रुंद डोकं बांधतो. फेकायला भिजलेल्या मोज्यासारखं, कबूल.

खाडीपलीकडचा
@नेरुळचा_निवांत, लांबीचं मान्य. खरं तर 'आकार' म्हणताना माझ्या डोक्यात जाडीच होती, लांबीचा विचारच केला नव्हता. @पागवाला, जागेचं तर मान्यच, पण ती सापडल्यावर तरी काही बांधावंच लागतं ना! करंदीसाठी वेगळा फ्लाय कशाला? तपकिरी छोटा क्लाउझर तळाशी झटके देत ओढला की कोळंबीच वाटतो.

@काळाजांभळा, तुमचं पटत नाही. नऊ नंबरच्या (हा आकडा दोरीच्या वजनाचा) रॉडवर ते डोकं वाऱ्यात वीस फूटसुद्धा जात नाही. पाणी कितीही ढकललं तरी मासा पन्नास फुटांवर असेल तर काय उपयोग? ओहोळाच्या तोंडाशी चिखलात उतरून जवळ जायची सोय नाही. काळा मात्र बांधून बघतो. काळा क्लाउझर.

घोडबंदरकर
रंगावर एवढं रामायण, आणि लीडरवर (जाड दोरी आणि फ्लाय यांच्यामधली बारीक तार) अवाक्षर नाही. जिताड्याच्या गालाची कड ब्लेडसारखी असते. शेवटचा हातभर तुकडा चाळीस पौंडाचा नसेल तर फ्लाय त्याच्या तोंडात आणि दोरी तुमच्या हातात. (अभयारण्याच्या हद्दीत कृपया कुणी जाऊ नका.)

बाकी बकटेल (फ्लाय बांधायचे हरणाच्या शेपटीचे केस) परवडत नाही त्यांच्यासाठी: मटणवाल्याकडून बकऱ्याचे लांब केस आणि दिवाळीच्या तोरणातली झिरमिळी. चमक तीच, पैसे दहावा हिस्सा.

नेरुळचा_निवांत
बकऱ्याचे केस आधी शॅम्पूने दोनदा धुवा. मी नाही धुतले. आठवडाभर बायको गाडीत बसली नाही.

पागवाला
शनवारी सुकती सकाळी हाय. जागा दाखवतो, पन तुमच्या दोरीमागे उभा नाय राहनार. मागच्या येळी एकाचा तो जड डोळेवाला माझ्या टोपीत बसला होता.

काळाजांभळा
तो माझा नव्हता. माझा असता तर टोपी राहिली नसती. शनिवारी येतो, मोजा घेऊन.