सिकलसेल असलेल्या भावाचा खुब्याचा बॉल बदलायचा आहे, रोबोटिक करावं का साधं?

धानवाला_साकोली
रामराम मंडळी. मोठा भाऊ ३१ वर्षांचा, सिकलसेल एसएस पॅटर्न, म्हणजे आई-बाप दोघांकडूनही आलेला रक्ताचा आजार. लहानपणापासून थंडीत नाहीतर रोवणीत पाण्यात राबला का त्याचे हातपाय ठणकतेतच, म्हणून खुबा दुखला तरी आम्ही तेच समजलो, तेल चोळलं, दुखण्याच्या गोळ्या दिल्या अन् दोन वर्षं गेली. आता डावा पाय आखूड पडला, धुऱ्यावरून चालतानी काठी लागते, पायात चप्पल वहिनी घालून देते. एमआरआयमध्ये एव्हीएन निघालं, म्हणजे रक्त न मिळून हाड मेलं, बॉल चपटा झाला म्हणते. एका दवाखान्यात रोबोटिकच करा म्हणाले अन् मोठं पॅकेज सांगितलं, पण सिकलसेल आहे असं दोनदा सांगूनही फाईलीवर लिहिलं नाई. दुसरीकडे म्हणाले वय कमी आहे, चाळिशीपर्यंत थांबा. काहून थांबायचं, दुखणं तर आज आहे ना जी? कोणी केलं असेल तर सांगा.

चामोर्शीचा_मास्तर
भाऊ, मी पण एसएसच. २९ व्या वर्षी उजवा खुबा बदलला, त्याले सहा वर्षं झाली. माझं साधंच ऑपरेशन होतं, रोबोट नाई. मले ऑपरेशनपेक्षा त्याच्या आधीचे दोन दिवसच जास्त आठवतेत, कारण आदल्या दिवशीच भरती करून सलाईन लावलं, रक्त तपासून चढवलं, अन् थेटरात नेतानी सिस्टर कांबळावर कांबळ टाकत होती. मी म्हटलं मॅडम उकडते, तर त्या म्हणाल्या तुमच्यासारख्यांना गार लागू द्यायचं नाही. तिसऱ्या दिवशी छातीत दुखलं अन् दम लागला, रात्री अकराला फिजिशियन डॉक्टर धावत आले. तो माणूस तिथं नसता तर आज हे लिहून नसतो रायलो. म्हणून मशीन कोणती ते मागून विचारा, आधी विचारा का सिकलसेलचे पेशंट त्यांनी केले का, रक्तपेढी अन् आयसीयू तिथंच आहे का.

ऑर्थो_वर्धा
मास्तरांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. थोडं मी जोडतो.

विळ्यासारख्या झालेल्या पेशी बॉलच्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, हाडाला रक्त मिळत नाही, ते मरतं आणि वजनाखाली खचतं. खचण्याआधी कळलं तर हाडात ड्रिल करून दाब कमी करतात, त्याला कोअर डीकम्प्रेशन म्हणतात. तुमच्या भावाचा बॉल चपटा झालाय, म्हणजे ती वेळ गेली. काठी घेऊन अजून नऊ वर्षं काढ म्हणणं मला पटत नाही. काळजी एवढीच की तरुण माणसाला पुढे पुन्हा बदलावा लागू शकतो. २०१९ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या अभ्यासात साधारण ५८ टक्के हिप २५ वर्षं टिकल्याचं दिसलं, पण ते बहुतेक वयस्क, संधिवाताचे पेशंट होते, सिकलसेलमध्ये इतकी खात्री देता येत नाही. १९६२ मध्ये इंग्लंडच्या चार्नलींनी धातूचा बॉल आणि तो ज्यात फिरतो तो पॉलिथिनचा (प्लास्टिकचा) कप बसवला, तेव्हा घासून निघालेल्या प्लास्टिकच्या कणांनी पुढे हाड सैल व्हायचं. आताचं क्रॉसलिंक केलेलं (रेणू एकमेकांना घट्ट जोडलेलं) पॉलिथिन खूप कमी झिजतं, त्यावर सिरॅमिकचा बॉल आणि सिमेंट न लावता बसवलेला कप आणि स्टेम (मांडीच्या हाडात ठोकायचा दांडा), हे तरुणांसाठी बऱ्याचदा निवडतात.

रोबोट सीटी स्कॅनवरून कपाचा कोन नेमका बसवायला मदत करतो, चांगली गोष्ट आहे. पण सिकलसेलमध्ये खरी अडचण मांडीच्या हाडात असते. आतली पोकळी पूर्वी वेळोवेळी रक्त न मिळाल्याने अरुंद आणि दगडासारखी टणक झालेली असते, स्टेम ठोकताना हाड तडकू शकतं, त्यामुळे अख्ख्या मांडीचा एक्स-रे आधी काढून बारीक स्टेम तयार ठेवायला पाहिजे. इन्फेक्शनचा धोकाही जास्त. दात किडलेला असेल, पायावर जखम असेल तर आधी ती बरी करा. हायड्रॉक्सीयुरिया हे सिकलसेलचं औषध चालू असेल तर मनाने बंद करू नका. आणि दुसऱ्या खुब्याचा एमआरआय नक्की करा, दोन्हीकडे असणं खूप कॉमन आहे.

भंडाऱ्याची_ताई
पैशाचं सांगते. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सरकारने दर बांधले ते गुडघ्याच्या इम्प्लांटचे, खुब्याचे नाही, त्यामुळे इम्प्लांटची किंमत कागदावर लिहून घ्या. त्याआधी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटून महात्मा फुले योजनेत हे तिथं होते का ते पहा. नागपूरचं सरकारी मेडिकल कॉलेज, मिहानचं एम्स, सेवाग्राम, हे सगळं आपल्यासाठी जवळच आहे जी, एक चक्कर मारा.

धानवाला_साकोली
दुसऱ्या खुब्याचा एमआरआय काढलाच नव्हता, बरं झालं सांगितलं. मंगळवारी सेवाग्रामले जाऊन रायलो, सिकलसेलचं कार्ड अन् जुन्या फाईली सगळ्या घेतो. एक विचारतो मास्तर, घरी भारतीय संडास आहे, मग काय केलं तुम्ही?

चामोर्शीचा_मास्तर
उकिडवं बसणं बंद म्हणजे बंद, मांडी घालणं पण नाई, मले तसंच सांगितलं होतं. प्लास्टिकची भोकाची खुर्ची घेतली, भांड्यावर ठेवून दिली. भाऊ घरी यायच्या आधी आणून ठेवा. अन् खाट उंच पायजे, आमच्या खाटेच्या चारही पायांखाली मी विटा लावल्या होत्या.