मदत हवी आहे: पॉलिहाऊसचा कागद बदलला आणि लाल लेट्यूसचा रंगच गेला

नमस्कार मंडळी. मावळात आमचं दहा गुंठ्यांचं पॉलिहाऊस आहे. दिवाळीनंतर २०० मायक्रॉनचा नवा प्लास्टिकचा कागद चढवला आणि तेव्हापासून लोलो रोसो लेट्यूस हिरवंच राहतंय. पानं मोठी, लुसलुशीत. लाली फक्त कडेला, तीही चहाच्या डागासारखी. थंडीत तर रंग उलट चढायला हवा! दाराजवळ, जिथे पडदा गुंडाळलेला असतो, तिथली चार रोपं मात्र गडद लाल. बियाणं, खत, पाणी सगळं तेच.

माझा संशय कागदावर. अतिनील-बी म्हणजे यूव्ही-बी किरणं (२८० ते ३१५ नॅनोमीटर) जास्त झाली तर प्रकाशसंश्लेषण बिघडतं, वाढ खुंटते, हे खरं. पण थोडी मिळाली की पान बचावासाठी अँथोसायनिन हे लाल-जांभळं रंगद्रव्य तयार करतं; लाली त्याचीच. दुकानदार नुसतं ‘यूव्ही स्टॅबिलाइज्ड’ म्हणतो. म्हणजे कागद उन्हाने लवकर फाटत नाही, एवढंच ना? किरणं अडवणारा कागद वेगळा असतो.

कुणी यूव्ही आत सोडणारा कागद वापरलाय का? की काढणीआधी आठवडाभर रोपं उघड्यावर ठेवली तर रंग भरेल? ट्रेमध्येच आहेत, हलवता येतील. एकदम उन्हात नेल्यावर करपणार नाहीत ना?