बी विंगचं इंजेक्शन

कदम वहिनी (बी-२०२): सकाळपासून लाईट नाही. सब-स्टेशनला फोन लागत नाही. ए विंगमध्ये कुणाचा फ्रीज इन्व्हर्टरवर आहे का? एक इंजेक्शन ठेवायचं होतं.

सेक्रेटरी: जनरेटर फक्त लिफ्ट आणि पंपासाठी आहे. कृपया नोंद घ्यावी.

तेली काकू: इन्सुलिन का गं? बोलली नाहीस कधी.

कदम वहिनी: इन्सुलिन नाही काकू, माउंजारो. शुगर आणि वजन, दोन्हीसाठी डॉक्टरांनी दिलंय. आठवड्यातून एकदा.

अनिकेत: अच्छा! आम्हाला वाटलं बंदरावरच्या चालण्यानं उतरलात 😄

कदम वहिनी: चालणं आहेच रे. पहिले काही आठवडे तर मळमळीनं जीव नकोसा झाला होता. तळलेला बांगडा समोर आला तरी उठून जायचे.

तेली काकू: माझ्या भाचीचं डिसेंबरात लग्न आहे. चार-पाच किलोच कमी करायचेत. तुझ्या पेनात उरलं असेल तर तिला एखादा डोस देशील?

परब आजी: माका पण होया. गुडघे लय दुखतत.

सामंत काका (ए-१०१): थांबा, थांबा. मेडिकल चालवलंय म्हणून सांगतो. पेन वाटून घ्यायचं नसतं, सुई बदलली तरी नाही. रक्त उलटं आत जाऊ शकतं. शिवाय हे २.५ मिग्रॅपासून सुरू करतात. तो डोस निव्वळ सवय व्हावी म्हणून असतो. ४ आठवड्यांनी ५, आणि पुढची प्रत्येक वाढ किमान ४ आठवड्यांच्या अंतरानं. वहिनींचा आजचा डोस नवख्या मुलीला टोचला तर उलट्या-जुलाबानं सलाईनची वेळ येईल. शरीरातलं पाणी फार गेलं की मूत्रपिंडावर ताण येतो.

आणि चार-पाच किलोंसाठी हे औषधच नव्हे. साधारण बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) ३० च्या वर, किंवा २७ च्या वर आणि सोबत शुगर, बीपी असं काही असेल तर डॉक्टर विचार करतात. लग्न झाल्यावर लगेच मूल हवं असेल तर तेही आधी सांगायला हवं, गरोदरपणात हे चालत नाही. माउंजारोनं गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणामही कमी होऊ शकतो. हे कुणी सांगत नाही.

तेली काकू: बाई गं. मग राहू दे.

अनिकेत: काका, पण गुण येतो ना? आमच्या जिमचा ट्रेनर इन्स्टावरून पावडर मागवतोय. पाण्यात मिसळून टोचायची. निम्म्याहून कमी पैशात.

सामंत काका: गुण येतो, ते नाकारत नाही. पोट हळू रिकामं होतं, भूक मरते. मोठ्या चाचणीत ७२ आठवड्यांत सर्वांत जास्त डोसवर सरासरी २० टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं, तेही आहार-व्यायाम सांभाळून. सेमाग्लुटाइड म्हणून याच जातीचं औषध आहे, त्याच्या चाचणीत औषध बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्यातलं दोन तृतीयांश वजन परत आलं. बीपीच्या गोळीसारखंच, सोडलं की मूळ पदावर.

ती पावडर मात्र अजिबात नको. आत काय आहे, किती आहे, कुणी बघितलंय? २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं बनावट सेमाग्लुटाइडबद्दल जगभर इशारा दिला होता. ट्रेनरला सांग, तुझं दुकान तुला लखलाभ.

परब आजी: माझा काय ता सांग.

सामंत काका: आजी, तुम्ही शुगरची ग्लिमेपिराइड घेता ना? त्यासोबत हे घेतलं तर साखर एकदम खाली येऊ शकते. गोळीचा डोस आधी बघावा लागतो. शिवाय स्वादुपिंडाला पूर्वी सूज आली होती का, घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी कॅन्सर झालाय का, हे डॉक्टर विचारतील. आणि या वयात चरबीबरोबर स्नायूही जातात, मग गुडघ्यांना आधार कसला?

नेने (ए-३०४): वहिनी, आमचा फ्रीज चालू आहे. पण आत सुरमई आहे. चालेल?

सामंत काका: चालेल, घट्ट डब्यात घाला. मधल्या कप्प्यात ठेवा, २ ते ८ अंश. बर्फाच्या खणाला टेकवू नका, गोठलं तर टाकून द्यावं लागेल. न उघडलेलं असेल तर ३० अंशांखाली काही दिवस बाहेरही टिकतं, नेमके किती ते पाकिटातल्या पत्रकात बघा. पण आज किचनमध्ये ३३ तरी असेल.

कदम वहिनी: आलेच. थँक्यू नेने काका 🙏

परब आजी: अनिकेता, गुरवारी माका डाक्टराकडे घेवन चल.

अनिकेत: दहाला खाली थांबा आजी. गोळ्यांची सगळी पाकिटं पिशवीत घ्या.