वरचं दूध सुरू केलं तर अंगावरचं आटतं का?
जळगावच्या ताईंनी विचारलंय, वरचं दूध दिल्यावर अंगावरचं आटेल का? पाजणं चुकवत गेलं तर आटतं. म्हणून दर वेळी आधी दोन्ही बाजूंनी पाजा, मग डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच वाटी-चमच्याने. रात्रीचं पाजणं तर अजिबात सोडू नका, दूध वाढवणारं प्रोलॅक्टिन हे हार्मोन तेव्हा जास्त असतं.

वरचं दूध डब्यातल्या पावडरचं असेल, तर पाणी उकळल्यावर अर्ध्या तासाच्या आत, ७० अंशांच्या खाली उतरण्याआधी पावडर मिसळा. बहुतेक डब्यांवर ३० मिलीला १ सपाट चमचा असतो, चमचा डब्यातलाच. पुरवायचं म्हणून पातळ केलं की वजन अडतं. घट्ट केलं की शी कडक होते. कोमट झालं की लगेच पाजा, उरलेलं फेका. आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ ला टेकला तरी सहा महिन्यांच्या आत वरून पाणी नकोच.