मदत हवी आहे: बातम्यांतून शिकलेले इंग्रजी शब्द ऐनवेळी दगा देतात, काय करू?

नमस्कार मंडळी,

पहिल्यांदाच धागा काढतेय, जरा लांबण लागेल पण नीट सांगितल्याशिवाय माझी अडचण कळायची नाही.

मी नाशिकची, राहायला पंचवटीत, माहेर निफाड तालुक्यात. शाळा सगळी मराठी माध्यमातली, बीकॉम झालंय, सातपूरला एका कंपनीत अकाउंट्सला आहे. सकाळी निमाणीहून सिटीलिंकची बस पकडते आणि बसायला जागा मिळाली की मोबाईलवर इंग्रजी बातम्या वाचते, हे गेली तीन वर्षं चालू आहे. सुट्टीच्या दिवशी सावानात, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात, जाऊन बसते, तिथे पेपर हातात घेऊन वाचायला जास्त बरं वाटतं. शब्द अडला की वहीत लिहायचा, पुढे मराठी अर्थ, संपलं. तिसरी वही चालू आहे, परवा मोजले तर चौदाशेच्या वर शब्द निघाले. पण बातमी वाचताना त्यातलाच शब्द समोर आला की एक तर आठवत नाही, किंवा आठवतो तो अर्थ तिथे बसतच नाही. आणि बोलताना तर त्यातला एकही शब्द तोंडात येत नाही.

खरं कारण सांगते. आमचा कांदा आहे. डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी लागली होती, ३१ मार्च २०२४ पर्यंत, आठवत असेल. मग फेब्रुवारीत बंदी उठली, उठली अशी आवई उठली, दर वर गेले. वडिलांना, आम्ही त्यांना दादा म्हणतो, कुणीतरी व्हॉट्सॲपवर इंग्रजी बातमी पाठवली, त्यांनी मला फोन केला, "बघ गं, काय म्हणतात." बातमीचा मथळा 'बॅन टू स्टे' असा काहीसा होता. माझ्या वहीत कोर्टाच्या बातमीतून लिहिलेलं होतं, स्टे म्हणजे स्थगिती. मी बसमध्ये उभी होते, खाली बातमी न वाचताच सांगून टाकलं की दादा, बंदीला स्थगिती मिळाली. दादांनी भरलेला ट्रॅक्टर दोन दिवस थांबवला, भाव अजून चढेल म्हणून. लाल कांदा तो, किती थांबणार. तिसऱ्या दिवशी लासलगावला नेला तोवर भाव उतरले होते. बातमी नेमकी उलटी होती, बंदी कायम राहणार असं सरकारने सांगितलं होतं. दादा मला एक शब्द बोलले नाहीत. अजूनही इंग्रजीत काही आलं की मलाच विचारतात, आणि मला धडकी भरते.

तेव्हापासून मी वहीत जास्तच शब्द भरायला लागले पण त्याने काही फरक नाही. मागे तपोवनातल्या झाडांच्या बातम्या यायच्या, कुंभमेळ्याच्या साधुग्रामसाठी झाडं तोडायची की नाही त्याच्या. तिथे 'फेल्ड' हा शब्द वाचला. मला वाटलं फॉलचा भूतकाळ फेल, मग फेल्ड कुठून आलं, पेपरवाल्यांची चूक असेल. अर्धा दिवस त्यातच गेला.

तर मला विचारायचंय ते हे, की शब्द लिहायचा कसा? मराठी अर्थ लिहू की इंग्रजीतच? प्रत्येक अडलेला शब्द लिहायचा की काही सोडून द्यायचे, आणि सोडायचे तर कुठले ते कसं ठरवायचं? आणि एकदा लिहिलेलं परत कधी वाचायचं, कारण चौदाशे शब्द रोज वाचणं शक्य नाही, घरी मुलगी लहान आहे. क्लास लावा असं कृपया सांगू नका, एकदा लावला होता, तिथे शब्दांच्या झेरॉक्स देऊन पाठ करायला सांगायचे.

—

प्रतिसाद:

ताई, मी बारा वर्षं एका मराठी पेपरच्या डेस्कवर इंग्रजी बातम्यांची भाषांतरं केलीत. स्टे या शब्दाने तिथे भल्याभल्यांना चकवलंय, तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

आता हा शब्द नीट बघा. 'कोर्टाने अमुक आदेश स्टे केला' यात स्टेच्या क्रियेला कर्म आहे, आदेश. म्हणून स्थगिती. 'बॅन टू स्टे' यात कर्मच नाही, बॅन स्वतःच स्टे करणार, म्हणजे राहणार, कायम राहणार. हे तुमच्या वहीत कधीच दिसणार नाही कारण वहीत शब्द एकटा आहे, त्याच्या मागेपुढे कोण होतं ते पुसलं गेलं. म्हणून पूर्ण वाक्य उतरवा, मथळा असेल तर अख्खा मथळा, आणि शब्दाखाली रेघ मारा. अर्थ मराठीत लिहा, बिनधास्त, पण त्या वाक्यापुरता लिहा.

फेल्डचं पण तेच आहे. आपल्याकडे पडणे आणि पाडणे आहे ना, झाड पडलं आणि झाड पाडलं. फॉल म्हणजे पडणे, त्याचा भूतकाळ फेल. आणि फेल हे वेगळं क्रियापदही आहे, म्हणजे पाडणे, तोडणे, त्याचा भूतकाळ फेल्ड. पेपरवाल्यांचं बरोबर होतं.

काही शब्द तर एकमेकांच्या उलटे दोन अर्थ घेऊन फिरतात. सँक्शन म्हणजे मंजुरी, आणि देशावर सँक्शन्स लावले म्हणजे निर्बंध. ओव्हरसाइट म्हणजे देखरेख, आणि नजरचूकसुद्धा. बिल टेबल केलं म्हणजे आपल्या संसदेत मांडलं, अमेरिकेतल्या बातमीत मात्र बाजूला ठेवलं. असले शब्द वहीच्या मागच्या पानांवर वेगळे काढा, दोन्ही वाक्यांसकट.

कुठले सोडायचे याला माझा नियम असा की एका आठवड्यात दुसऱ्यांदा भेटला तर लिहायचा. एकदाच भेटला तर जाऊ द्या, उपयोगाचा असेल तर परत येतो. मथळ्यातले छोटे शब्द मात्र लगेच धरा, ते रोज येतात. मल म्हणजे सरकार विचार करतंय, अजून ठरलेलं नाही. नॉड म्हणजे मंजुरी मिळाली. प्रोब म्हणजे चौकशी. कर्ब म्हणजे आळा, निर्बंध. मथळ्यांची भाषा बोलण्यात कुणी वापरत नाही, म्हणून ती ओळखता आली की झालं, तोंडात आणायच्या मागे लागू नका.

आणि दहा विषय वाचू नका. तुम्ही कांदाच धरा. पंधरा दिवस फक्त कांद्याच्या बातम्या, आधी मराठीत, मग तीच इंग्रजीत. आवकेला अरायव्हल्स म्हणतात, सर्वसाधारण भावाला मोडल प्राइस, हे डिक्शनरी न उघडता कळेल, कारण लासलगावात काय झालं ते तुम्हाला आधीच माहीत असणार.

—

प्रतिसाद:

उजळणीसाठी खोक्याची पद्धत बघा. लाइटनर नावाच्या पत्रकाराने १९७२ च्या पुस्तकात मांडलेली आहे. कार्डावर एका बाजूला वाक्य, शब्दाची जागा रिकामी, मागे शब्द. आला तर कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकला तर परत पहिल्यात. पहिला कप्पा रोज, दुसरा दोनतीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने. म्हणजे येणारे शब्द आपोआप मागे पडतात आणि न येणारेच रोज समोर येतात. मी लग्नपत्रिकांची कोरी बाजू कापून कार्डं केली आणि बुटाच्या खोक्यात पुठ्ठे लावले, बँकेच्या परीक्षेच्या वेळी फार उपयोग झाला. रोज दहा मिनिटं पुरतात. फोनवर अँकी हे ॲप याच तत्त्वावर चालतं.

—

धागाकर्ती:

दोघांचे मनापासून आभार. पडणे पाडणे वाचून एकदम प्रकाश पडला, हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

जुन्या वह्या ठेवून दिल्या. काल सावानात बसून कांद्याच्या दोन बातम्या काढल्या, आधी मराठी मग इंग्रजी. एप्रिल २०२५ पासून वीस टक्के निर्यात शुल्क काढलं त्याबद्दल होतं, तिथे 'स्क्रॅप' हा शब्द होता. माझ्या दुसऱ्या वहीत स्क्रॅप म्हणजे भंगार असं लिहिलेलं आहे! यावेळी मागेपुढे पाहिलं, पुढे ड्यूटी हे कर्म होतं, म्हणजे शुल्क रद्द केलं. अख्खं वाक्य कार्डावर लिहिलं. रात्री दादांना फोनवर वाचून दाखवलं, आधी इंग्रजी, मग मराठी. ते म्हणाले, "अजून एकदा वाच, सावकाश."

एक राहिलंच. वाद या अर्थाचा 'राउ' आणि रांग या अर्थाचा 'रो', स्पेलिंग सारखंच असतं ना? उच्चार मात्र वेगळा, असं बातम्यांत ऐकलं. असे अजून शब्द कुणाला माहीत असतील तर सांगा, एक कप्पा त्यांचाच करते.