चर्चा: साडेचार एकराला दोन म्हशी हव्यात की नकोत?

मालवी_माणूस
मंडळी, घरात वाद पेटलाय, निवाडा तुम्ही करा. इंदूरजवळ सांवेरकडे साडेचार एकर. खरिपात सोयाबीन, रब्बीत लोकवन गहू, थोडा लसूण. गोठ्यात दोन मुऱ्हा म्हशी आणि एक पारडी. धाकटा भाऊ म्हणतो, म्हशी विका, बटाटा-लसूण वाढवा. माझ्या मते एवढ्याशा शेतीतून जनावर काढलं की शेती उरत नाही, सट्टा उरतो. सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या तोंडावर, गव्हाचा वैशाखात. मधल्या महिन्यांत किराणा, फी, डिझेल कशातून भागवायचं? दुधाचा हिशेब दर दहा दिवसांनी होतो. २०२५ च्या खरिपाला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता, पण मंडीत भाव इतका घसरला की सरकारला फरक भरून देणारी भावांतर योजना काढावी लागली. तेव्हा आमची चूल दुधावरच पेटली.

छावणीचा_मुनीम
दादा, हिशेब अर्धाच मांडलात. ढेप, सरकी, चुनी यांचं काय? घरच्यांची मजुरी शून्य धरली तर कुठलाही धंदा फायद्यातच दिसतो. आणि 'शेणखत मिळतं' हे पालुपद आता कुणीतरी लावेलच, म्हणून आधीच सांगतो. टनभर शेणखतात नत्र साधारण पाच किलो. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत वीस किलोच्या वर, आणि गोणी २६६ रुपये ५० पैशांना. दोन म्हशींचं वर्षभराचं शेण कुजून पाच-सहा टन उरलं, तर नत्राच्या हिशेबानं ते दीड गोणीच्या आत. चारशे रुपयांसाठी वर्षभर पाट्या वाहायच्या?

राऊची_सून
पाट्या वाहतं कोण, ते दोघांनीही लिहिलं नाही. आमच्याकडेही दोन म्हशी आहेत. पहाटे पाचला धार, संध्याकाळी परत धार. थोरली तर माझ्याशिवाय कुणाला पान्हाच सोडत नाही. यजमान बसले की दूध चढवून उभी राहते, आणि एकदा बादलीला लाथ बसली की त्या वेळचं दूध गेलंच. त्यामुळे माहेरी चार दिवस राहणं नाही, लग्नाकार्यात मुक्काम नाही. आणि दुधाचे पैसे जमा होतात सासऱ्यांच्या खात्यात. म्हशी विका असं मी म्हणत नाही. पण मालवी दादा, तुमच्या घरी धार कोण काढतं?

कृषी_कॉलेजचा_जुना
मुनीमजी, तुमचं गणित बरोबर, पण ते फक्त नत्राचं. स्फुरद, पालाश, जस्त हिशेबातच नाही. शिवाय आपली काळी माती सेंद्रिय कर्ब गेला की पावसात चिखल आणि उन्हात भेगा, हे युरियानं सुधारत नाही. आता मुख्य मुद्दा. अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ पासून इथंच, इंदूरला काम करून कंपोस्टची जी पद्धत बसवली तिला जग 'इंदूर पद्धत' म्हणतं. तिच्यात शेण हे विरजणासारखं वापरतात. खरा माल म्हणजे शेतातला पालापाचोळा. सोयाबीनचं कुटार, लसणाची पात, तण यांचे थर, त्यावर शेणकाला, गोठ्यातली मुतानं भिजलेली माती, थोडी राख. तीन वेळा उलथायचं, तीनेक महिन्यांत खत तयार. म्हणजे पाच टन शेणातून खत त्याच्या कितीतरी पट. आपण मात्र हार्वेस्टर फिरला की नरवाईला, म्हणजे उरलेल्या धसकटांना, काडी लावतो.

छावणीचा_मुनीम
उलथणार कोण? परत राऊच्या ताईच ना?

कृषी_कॉलेजचा_जुना
हा वर्मावर घाव. भाड्याचा लोडर लावावा लागेल. फुकट होत नाही, कबूल.

महूचा_ढोरडॉक्टर
'दर दहा दिवसांनी पैसा' या वाक्याला माझी हरकत आहे. म्हैस दहा महिने गाभण राहते, विण्याआधी दोनेक महिने आटवावी लागते. उन्हाळ्यात तिला मुका माज येतो, ओळखू येत नाही, भरवायची राहून जाते, की भाकड काळ आणखी लांबला. दोन्ही एकाच हंगामात विल्या तर दोन्ही एकदमच आटणार. निदान चार-पाच महिन्यांचं अंतर राहील असं भरवा, तरच तुमचा मुद्दा टिकतो. गाईंकडे वळायचा विचार असेल तर गोऱ्ह्याचं काय करणार ते आधी ठरवा. मध्य प्रदेशच्या २००४ च्या गोवंश वध प्रतिबंधक कायद्यानंतर तो कसायाकडे जात नाही आणि ट्रॅक्टर आल्यापासून औताला कुणी घेत नाही. तोच मग रात्री शेजाऱ्याच्या हरभऱ्यात दिसतो. लिंगनिश्चित वीर्यकांडीनं शंभरात नव्वदच्या आसपास माद्या होतात. महाग पडते, पण छोट्या गोठ्याला परवडते. आणि पावसाळ्याआधी घटसर्पाची लस चुकवू नका.

सांवेरचा_धाकटा
तो 'धाकटा' मीच. दादानं लिहिलं नाही ते सांगतो. दुधाचा भाव फॅटवर ठरतो, आणि दूध घेणारा फॅटचा आकडा सांगेल तो आम्ही मुकाट्यानं मान्य करतो. मंडीत निदान बोली तरी लागते. इकडचा बटाटा चिप्सवाल्यांना चालतो, त्यात साखर कमी असते. धार काढते वहिनी, ही गोष्ट दादा सोयीस्करपणे विसरला.

मालवी_माणूस
विसरलो नाही. पुढच्या हिशेबापासून दूध तिच्या खात्यावर, हे काल रात्रीच ठरलं. पण बटाट्याचं बियाणं आणि शीतगृहाचं भाडं आधीच मोजावं लागतं, भाव पडला तर तो माल पाहुण्यांना वाटायचा का? आणि लसणाचा भाव एका सालात कसा आपटतो हे तू पाहिलंस.

राऊची_सून
खातं कशाला, आधी वहिनींना म्हशी हव्यात का ते विचारा. त्या इथं लिहीत नाहीयेत.

मालवी_माणूस
विचारलं. म्हणाली, थोरली ठेवा, धाकटी विका, पारडी वाढवा, आणि संध्याकाळची धार दोघा भावांपैकी कुणीतरी शिका. डॉक्टर, पाच वेतांची म्हैस नव्या माणसाला पान्हा सोडायला किती दिवस घेते?

महूचा_ढोरडॉक्टर
आधी आठवडाभर फक्त खुराक तुमच्या हातून जाऊ द्या, वहिनी शेजारी उभ्या. सडाला हात नंतर.

सांवेरचा_धाकटा
मला नका धरू यात. मी मंडीत असतो.